रोजचा हिशेब आणि पाच वर्षांचा हिशेब
(विवळवेढे येथे डहाणू-तलासरी परिसरातील कार्यकर्ते व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी संयोजकांनी आम्हांस 'सरकारला आणि पुढाऱ्यांना जाब कसा विचारावा' हा विषय दिला आहे. विषय ऐकताच कोणाला वाटेल की आता येथे कोणा मंत्र्याचे वाभाडे निघणार. तसे काही होणार नाही. वाभाडे काढणे सोपे असते. चहाच्या टपरीवर ते रोज निघतात आणि चहा संपला की विसरले जातात. जाब विचारणे हे काम वेगळे आहे. त्याला कागद लागतो, तारीख लागते, चार माणसांची सोबत लागते आणि सर्वांत जास्त चिकाटी लागते.

विवळवेढे हे गाव महालक्ष्मीच्या यात्रेमुळे दूरदूरपर्यंत माहीत आहे. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते, महामार्गावरून गाड्यांची रीघ लागते. देवळात हात जोडावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु कचेरीच्या खिडकीपुढे हात जोडणे हा श्रद्धेचा प्रश्न नाही, तो सवयीचा प्रश्न आहे. आपल्या आजोबांच्या तोंडी एक शब्द होता, 'मायबाप सरकार'. सरकार हे मायबाप म्हटले की आपण लेकरे झालो. लेकरू हट्ट करते, रडते, रुसते. पण ते बापाकडे हिशेब मागत नाही. शब्द जुना झाला, राजवट बदलली, तरी सवय गेलेली नाही. रेशनकार्डातले नाव दुरुस्त करायचे असले की आपण नियम काय आहे ते विचारत नाही, 'साहेबांची ओळख आहे का' ते विचारतो. शिष्यवृत्ती अडली की विद्यार्थी पुढाऱ्याच्या घरी चिठ्ठी आणायला जातो. जे हक्काने मिळायचे ते उपकार म्हणून घरी येते आणि मग निवडणुकीत त्या उपकाराची फेड करावी लागते.

ही सवय मोडण्यासाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हाती काय दिले आहे, ते प्रथम पाहू. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्या भाषणात त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले आहे: आपण अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत का घेतली नाही, ब्रिटनची संसदीय पद्धत का घेतली? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. सरकारकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते, एक स्थैर्य आणि दुसरी जबाबदारी. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेत स्थैर्य अधिक आहे, कारण अध्यक्षाला मध्येच घरी पाठविता येत नाही. ब्रिटनमध्ये जबाबदारी अधिक आहे, कारण तेथील मंत्रिमंडळाचे काम रोज तपासले जाते. सभासद प्रश्न विचारतात, ठराव आणतात, तहकुबी सुचवितात, अविश्वास दाखवितात. ही झाली रोजची तपासणी. आणि निवडणुकीत मतदार जी तपासणी करतात ती झाली मुदतीची तपासणी. मसुदा समितीने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त महत्त्व दिले आणि म्हणून संसदीय पद्धत स्वीकारली.

मित्रांनो, आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते सारे यात आले. घटनेने आपल्याला दोन हिशेब दिले आहेत. एक पाच वर्षांचा आणि एक रोजचा. पाच वर्षांचा हिशेब आपण उत्साहाने करतो. रांगेत उभे राहतो, बोटाला शाई लावून घेतो. रोजचा हिशेब मात्र आपण आमदार-खासदारांवर सोपवून मोकळे होतो. ज्या दुकानदाराची वही पाच वर्षांतून एकदाच उघडली जाते, त्या वहीत शेवटी काय सापडणार?

कोणी म्हणेल, साहेबांच्या देशातली पद्धत आहे ही, आपल्या गरीब माणसाला ती कशी जमणार? त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी स्मरतो. पण त्याची सुरुवात एका सरकारी कागदापासून झाली, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. सरकारने तो अंमलबजावणीसाठी खालच्या कचेऱ्यांकडे पाठविला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे १९२४ साली तळे कागदावर खुले झाले होते. प्रत्यक्षात एकही अस्पृश्य माणूस तेथे ओंजळभर पाणी घेऊ शकत नव्हता. बोले यांनी १९२६ साली कौन्सिलात पुन्हा हा विषय आणला आणि जी नगरपालिका वा लोकल बोर्ड ठराव पाळणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे अशी मागणी केली. हे रोजच्या हिशेबाचे उत्तम उदाहरण आहे. ठराव झाला, तीन वर्षांनी त्याच माणसाने विचारले, 'त्याचे काय झाले?'

तरीही तळे उघडले नाही. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतले. बाबासाहेबांनी तेथे नवा हक्क मागितला नव्हता. सरकारने जो हक्क आधीच कबूल केला होता, तो खरा आहे की खोटा, हे त्यांनी तपासून पाहिले. लोकांना मारहाण झाली. विरोधक दिवाणी कोर्टात गेले, डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी मनाई हुकूम मिळविला. बाबासाहेबांनी तो खटला वकिलाच्या शांतपणाने लढविला. खालच्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे गेली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. १९२३ ते १९३७, चौदा वर्षे! एका तळ्याच्या पाण्यासाठी कौन्सिल, नगरपालिका, रस्ता आणि न्यायालय या चारही ठिकाणी हिशेब मागावा लागला. एका अर्जाला उत्तर आले नाही म्हणून हताश होणाऱ्या आमच्या तरुणांनी ही चौदा वर्षे ध्यानात ठेवावीत.

आता महाडहून आपल्या स्वतःच्या मातीकडे येऊ. डहाणू आणि तेव्हाचा उंबरगाव तालुका, ज्यात आजचे तलासरी होते, येथे जमीनदार व सावकार वारल्यांकडून वेठ घेत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर मालकाकडे राबावयाचे, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. आता हे पाहा. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबविणे हा भारतीय दंड संहितेच्या ३७४ व्या कलमाने गुन्हा होता आणि ती संहिता १८६० सालची. म्हणजे इंग्रज सरकारच्या स्वतःच्या कायद्याने वेठ हा गुन्हा होता. पुढे सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करविली. त्याचा अहवाल १९३९ साली आला. वेठ, तुटपुंजी मजुरी, जमीनदारांचा जाच, सारे त्यात नमूद झाले. कायदा होता, अहवाल होता, सरकारला सारे ठाऊक होते. तरी वेठ चालूच राहिली.

ती केव्हा थांबली? २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि 'आजपासून वेठ करणार नाही' असे त्यांनी ठरविले. शामराव व गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्या सोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी ठार झाले. ज्या सरकारने गुन्हा करणाऱ्या मालकाला कधी पकडले नाही, त्या सरकारने गुन्ह्याला नकार देणाऱ्या मजुराला गोळी घातली. परंतु वेठीची व्यवस्था त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. आमच्या मते यातून एक धडा सरळ मिळतो. कायदा आपोआप चालत नाही आणि अहवालही आपोआप चालत नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तो उठून 'हे तुमच्याच पुस्तकात गुन्हा म्हणून लिहिले आहे' असे म्हणतो, तेव्हा कायदा पहिले पाऊल टाकतो.

येथे विद्यार्थ्यांसाठी आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर गप्प राहणारे पुष्कळ असतात. बाबासाहेबांनी काही महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात नुसती व्यथा नव्हती. नोकऱ्यांत किती माणसे आहेत, शिक्षणावर सरकार कोणासाठी किती खर्च करते, याचे आकडे होते. सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून त्यांनी विचारले की आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणाचा वाटा कोठे आहे? त्यानंतर १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्यापैकी जो कोणी त्या शिष्यवृत्तीवर शिकला असेल, तो एका नीट मांडलेल्या हिशेबाच्या बळावर शिकला आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हती.

आता कोणी विचारील की, ज्या ब्रिटनची पद्धत आपण घेतली, तेथे सर्व आलबेल आहे काय? मुळीच नाही आणि म्हणूनच तेथून शिकण्यासारखे आहे. तेथे माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा २००० साली झाला आणि जानेवारी २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला. काही पत्रकारांनी खासदारांच्या भत्त्यांचा तपशील मागितला. कायदा करणाऱ्या सभागृहानेच तो देण्यास टाळाटाळ केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २००८ साली न्यायालयाने माहिती देण्यास सांगितले. २००९ साली सारा तपशील वर्तमानपत्रात छापून आला. दुसऱ्या घराच्या भत्त्याच्या नावाखाली कोणी काय काय वसूल केले, ते लोकांनी वाचले. सभागृहाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. असे तेथे तीनशेहून अधिक वर्षांत घडले नव्हते. काही खासदार तुरुंगात गेले आणि भत्ते ठरविण्याचे काम खासदारांच्या हातून काढून स्वतंत्र संस्थेकडे दिले गेले. लक्षात घ्या, सुरुवात कशाने झाली? 'पावत्या दाखवा' एवढ्या साध्या मागणीने.

दुसरे उदाहरण तेथील टपाल कचेरीचे. १९९९ नंतर तेथील टपाल खात्याने हिशेबासाठी एक संगणक प्रणाली बसविली. ती चुकीची तूट दाखवू लागली. गावोगावची पोस्ट चालविणाऱ्या साध्या माणसांवर अपहाराचे आरोप ठेवले गेले. नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले, काहींनी तुरुंगवास भोगला, काहींची घरे गेली. प्रत्येकाला सांगितले जाई की 'तक्रार फक्त तुमचीच आहे, बाकी कोणाची नाही'. अॅलन बेट्स नावाच्या एका पोस्टचालकाने इतरांना शोधून काढले. माणसे एकत्र आली तेव्हा कळले की तक्रार सर्वांचीच आहे. ५५५ जण मिळून न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले. २०२४ साली संसदेला त्या शिक्षा रद्द करण्यासाठी खास कायदा करावा लागला. मंत्री बदलले, पक्ष बदलले. ती माणसे वीस वर्षे कागद सांभाळून राहिली. अन्यायग्रस्ताला एकटे पाडणे ही प्रत्येक कचेरीची जुनी युक्ती आहे, ती लंडनात चालते तशी आपल्या तालुक्यातही चालते. तिला उतारा एकच, एकत्र येऊन कागद जुळवून पाहणे.

पुन्हा डहाणूकडे वळू. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. अधिसूचना निघाली, पण ती पाळली जाते की नाही हे कोण पाहणार? नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर डिसेंबर १९९६ मध्ये 'डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण' स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्या पदावर राहिले. या प्राधिकरणापुढे मच्छीमार, चिकू बागायतदार, आदिवासी, कारखानदार, सरकारी अधिकारी, सारे येऊन आपले म्हणणे मांडू शकत. डहाणूच्या ५०० मेगावॅट औष्णिक वीज केंद्राच्या धुरातील गंधकवायू रोखणारी यंत्रणा बसवावी म्हणून प्राधिकरणाने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. कंपनीकडून ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली आणि अखेर २००७ साली ती यंत्रणा सुरू झाली. रोजचा हिशेब मागण्याची जागा तालुक्यात असली म्हणजे काय होऊ शकते, त्याचे हे उदाहरण.

याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण येथे बंदर होऊ शकत नाही असा निर्णय दिला होता. पुढे प्रस्ताव नव्या रूपाने आला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. या सभेत बंदराच्या बाजूचे लोक असतील, विरोधातीलही असतील. नोकरीची आशा धरणारा तरुण खोटा नाही आणि समुद्रावर पोट असलेला मच्छीमारही खोटा नाही. तो वाद आम्ही येथे सोडविणार नाही. परंतु दोघांनाही लागू असे एक काम आहे. परवानगीबरोबर अटी आल्या आहेत. प्रत्येक अटीपुढे एक रकाना आखा: काय करावयाचे होते, केव्हापर्यंत, केले की नाही. नोकऱ्यांचे आश्वासन मिळाले असेल तर किती, कोणाला, कोणत्या तारखेला, हे विचारा. बाजू कोणतीही असो, वही कोरी ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच येत नाही.

आता साधनांविषयी. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराची मागणी अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने पुढे रेटली; राज्याचा कायदा आधी झाला आणि २००५ साली देशाचा कायदा आला. आपल्या राज्यात दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न मिळाल्यास वा अपुरे मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अर्जात 'असे का केले' असे विचारू नका. 'का' ला उत्तर टाळता येते. 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या', 'अमुक वर्षाच्या शिष्यवृत्ती वाटपाची यादी दाखवा' असे मागा. कागदाला पळवाट नसते. २०१५ साली राज्यात लोकसेवा हक्काचा कायदाही झाला आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत द्यावयाचा, याची मुदत त्या कायद्यान्वये जाहीर करावी लागते. दाखला मागताना ती मुदतही विचारा.

दुसरे साधन ग्रामसभा. डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्याच्या नियमांनी येथील ग्रामसभेला इतर गावांपेक्षा जास्त अधिकार दिले आहेत. २०१५ सालापासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट अशा ग्रामपंचायतींना देण्याचे धोरण आले. तो किती आला, कशावर गेला, हे विचारण्याची जागा ग्रामसभा ही आहे. पण ग्रामसभेला दहा माणसे येतात आणि उरलेल्यांच्या सह्या मागाहून घरी जाऊन घेतल्या जातात, असे पुष्कळ ठिकाणी चालते. सही करण्याआधी इतिवृत्त वाचून दाखवा म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. आमच्या आया-बहिणींना तर विशेष सांगणे आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे; ती घ्यायला लावा. पाण्याचा हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो, नळयोजनेचा खरा हिशेब त्यांनाच येतो.

तिसरे साधन विधिमंडळ. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, लोकलेखा समिती ही सारी शस्त्रे आमदारांच्या हाती असतात. लोकलेखा समितीची पद्धत ब्रिटनमध्ये १८६१ पासून आहे. तेथे तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे ठेवण्याचा प्रघात आहे आणि आपल्या लोकसभेतही १९६७ पासून तो पडला. ज्याने खर्च केला त्यानेच तो तपासू नये, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे. आपण आमदाराला लग्नाला बोलावतो, उद्‌घाटनाला बोलावतो. एकदा या अधिवेशनात आमच्या तालुक्याबद्दल आपण कोणता प्रश्न विचारलात, एवढे विचारण्यासाठी बोलवा. नसेल विचारला तर आपणच कागदपत्रांसह प्रश्न तयार करून द्या. २०२५ साली सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा काही निधी लाडकी बहीण योजनेकडे वळविल्याचा प्रश्न गाजला. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्याबद्दल उघड नाराजी दाखविली. बहिणींना पैसे मिळावेत याला आमचा विरोध नाही. पण वसतिगृहातल्या मुलाच्या ताटातून ते जात असतील तर त्या मुलाने विचारले पाहिजे. मंत्री नाराज होतात ती बातमी होते. विद्यार्थी आकडे घेऊन विचारतात तो हिशेब होतो.

हे सारे सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. जो दुसऱ्याला हिशेब मागतो त्याने आपला हिशेब उघडा ठेवावा. जयंतीची वर्गणी, विहाराचा निधी, संस्थेचा जमाखर्च हे सभेत वाचून दाखविले गेले पाहिजेत, पावतीसह. भिक्खू संघात वर्षावास संपताना 'पवारणा' होते. माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर सांगा, असे प्रत्येक भिक्खू संघाला विनवितो. वयाने मोठा असला तरी त्याची सुटका नसते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले आहे की बौद्ध संघाला ठराव, गणसंख्या, मतदान हे नियम माहीत होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेपासून सावध राहण्यास सांगितले आहे. तेव्हा आपला माणूस, आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा म्हणून हिशेब माफ करू नका. परक्याला विचारलेला जाब हे शौर्य वाटते. आपल्या माणसाला विचारलेला जाब हीच खरी कसोटी असते.

धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. माहिती मागणाऱ्यांना दम दिला जातो, मारहाणही झाली आहे. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या वकिलांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लोकशाहीला लागणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत समर्थ विरोधी पक्ष, कायद्यापुढे समानता यांबरोबर समाजाची सदसद्विवेकबुद्धी हीही एक होती. ज्याच्यावर अन्याय झाला नाही तोही अन्याय पाहून उठला पाहिजे, असा तिचा अर्थ. म्हणून एकट्याच्या सहीने अर्ज करू नका, पाच जणांनी करा. एका गावचा प्रश्न दहा गावांनी विचारा. वारली, कातकरी, मच्छीमार, बौद्ध, कोणाचाही अर्ज असो, दुसऱ्याने त्याच्यासोबत कचेरीच्या पायरीपर्यंत जावे. सोबत असली की दम देणाऱ्याचा आवाज खाली येतो.

शेवटी एक काम देऊन आम्ही रजा घेतो. येथून घरी गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही घालावी. पहिल्या पानावर आपल्या गावाचे एकच प्रलंबित काम लिहावे: बंद पडलेला हातपंप, न आलेली शिष्यवृत्ती, अर्धवट राहिलेला रस्ता. त्याखाली अर्जाची तारीख, पोच क्रमांक, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले, पुढची तारीख. तोंडी आश्वासन मिळाले तर तेही तारखेसह लिहावे. रोजगार हमीच्या कामावर जुनी माणसे सांगत, की कामाची मागणी लेखी केली आणि तारखेची पोच घेतली तरच पुढे भत्ता मागता येतो. तोंडी मागितलेले काम मागितलेच नाही असे धरतात. तेच येथेही. पुढच्या मेळाव्यात भाषणे कमी ठेवू आणि या वह्या वाचू. कोणाच्या वहीत काम झाले असेल, कोणाच्या वहीत चार अर्ज आणि चार नकार असतील. नकाराची वहीसुद्धा आणा. महाडच्या वहीत चौदा वर्षे नकारच होते.